पुढनं बसलेली गाडी

आण्णांनी एक डोळा मिटला आणि मी ओळखलं, काहीतरी वाकडं आहे. आण्णा म्हणजे माझे वडील, जन्माचे गवंडी. भिंतीकडे बघताना ते असा डोळा मिटायचे, आणि त्यानंतर ती भिंत बहुतेक वेळा पाडावी लागायची.

आज मात्र समोर भिंत नव्हती. समोर माझी पिकअप होती. नवी कोरी, पांढरी, बॉनेटवर झेंडूची माळ. चाकांखाली लिंबं चिरडून झाली होती, नारळ फुटला होता, पेढे वाटले गेले होते आणि आळीतली निम्मी माणसं हौद्यात चढून बसली होती. आता फक्त माझ्या शेजारच्या सीटवर आण्णांनी बसायचं, मी गावातून एक फेरी मारायची आणि मग विट्याला पहिला माल भरायला जायचं, असा बेत होता.

आण्णा पुढच्या दारापर्यंत आले होते. हात मुठीवर ठेवला होता. मग काय झालं कोण जाणे, दोन पावलं मागे सरले, गाडीच्या बाजूला उभे राहिले आणि त्यांनी तो डोळा मिटला.

"वैजू, ही पुढनं बसलीया," ते म्हणाले.

मी म्हणाले, नवी आहे आण्णा, अजून कुठे बसायला. ते तडक घरात गेले आणि पाणसळ घेऊन आले. पाणसळ म्हणजे गवंड्याची ती लांब पट्टी, जिच्या काचेच्या नळीत पाणी आणि एक बुडबुडा असतो. बुडबुडा मधे आला की काम सरळ. चाळीस वर्षं तो बुडबुडा त्यांनी पोटच्या पोरासारखा सांभाळला होता. त्यांनी पट्टी हौद्याच्या कडेवर ठेवली. बुडबुडा पळत पळत मागच्या टोकाला जाऊन चिकटला.

"दोन इंचाला कमी न्हाई," आण्णा सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "ही सरळ हुईस्तोवर मी बसत न्हाई."

लोक हसले. ज्ञानू गवंडी म्हणजे ज्ञानू गवंडी, असं कुणीतरी म्हणालं. मीही हसले, पण ते तोंडापुरतं.

मी मनापासून का हसू शकले नाही, ते सांगायला हवं. दोन वर्षांपूर्वी माझा संसार मोडला होता. आण्णा स्वतः सासरी येऊन मला घेऊन गेले होते. एसटीत दोन तास माझ्या शेजारी बसले, एक अक्षर विचारलं नाही. घरी आल्यावरही नाही. आई रडली, भांडली, देवाला बोल लावून मोकळी झाली, पण आण्णांच्या मनात काय आहे ते मला कळलंच नाही. मग मी ड्रायव्हिंग शिकले. मग बांधकामाचा माल पोचवायचा धंदा ठरवला, सिमेंट, फरशी, पाईप, विट्याहून आसपासच्या गावांत. गावात बोलायचं ते लोक बोलले. बाईमाणूस पिकअप चालवणार, मग गडीमाणसांनी काय चुलीपुढे बसायचं का, वगैरे. माझ्या तोंडाला कुणी लागत नाही, म्हणून ते मागून बोलले. मला त्याचं काही नव्हतं. मला एकट्या आण्णांचं होतं. ते शेजारी बसले असते तर माझ्यापुरतं सगळं मिटलं असतं.

आणि ते बसले नाहीत. त्या दिवशी शेजारच्या सीटवर आई बसली आणि फेरीभर डोळे मिटून देवाचं नाव घेत राहिली.

पुढचे दोन महिने मी सकाळी गाडी काढायचे तेव्हा आण्णा अंगणात उभे असायचे. गाडीकडे बघायचे, जिभेचा टक्क आवाज करायचे आणि दात घासायला लागायचे. मी रोज म्हणायचे, येता का हिवऱ्यापर्यंत, तुमच्याच ओळखीचं बांधकाम आहे. रोज तेच उत्तर यायचं, आधी ती सरळ कर. हळूहळू आळीतल्या पोरांनी गाडीला 'नमस्कार गाडी' असं नाव पाडलं, कारण ती सारखी कुणाच्या तरी पाया पडायला वाकल्यासारखी दिसायची. मला त्याआधी गाडीचं वाकणं दिसतही नव्हतं. आता दुसरं काही दिसेना.

आईने माझी समजूत काढायचा प्रयत्न केला. तिचं म्हणणं, हा माणूस असाच आहे. "लग्नात अंतरपाट खाली आला तवा ह्यांनी पहिलं काय बघितलं? माझ्या मुंडावळ्या एका अंगाला गेल्यात, ते." पण मला ते पटत नव्हतं. मुंडावळ्या वाकड्या होत्या तरी त्यांनी हार घातलाच होता ना.

शेवटी मी विट्याला इलाही मिस्त्रींच्या गॅरेजला गेले. इलाही मिस्त्री हा साठीचा, बारीक, तोंडात सदा बडीशेप असलेला माणूस. गाड्यांशी ते आजाऱ्याशी बोलावं तसं बोलायचे, आणि गाडीच्या मालकाशी डॉक्टर नातेवाइकांशी बोलतात तसं. मी त्यांना सगळं सांगितलं. ते गाडीखाली न वाकताच म्हणाले की गाडीत काही दोष नाही. ही माल वाहायची गाडी. मागचे पाटे, म्हणजे चाकांवरच्या त्या लोखंडी पट्ट्यांच्या स्प्रिंगा, दीड टन पेलायला केलेले. रिकामी असली की ती मागून वर राहणारच. माल पडला की बसते आणि सरळ होते.

मी विचारलं, रिकामी असतानाच सरळ दिसायची असेल तर?

तर लेव्हलिंग किट मिळतं, ते म्हणाले. पुढच्या स्प्रिंगवर जाड चकत्या बसवायच्या, पुढची बाजू दोन इंच उचलते. पुण्याकडची हौशी पोरं बसवून घेतात. कपाटातून काढून त्यांनी मला एक जोडी दाखवलीसुद्धा, कुणाच्या तरी गाडीला बसवायला आणलेली आणि राहून गेलेली.

"पर पोरी, तुझं काम मालाचं," ते म्हणाले. "रिकामी सरळ केलीस तर भरल्यावर ती तोंड वर करनार. दिवे समोरच्याच्या डोळ्यात जातील, ते एकवेळ खाली करता येतील. पर पुढच्या चाकावरचा भार कमी झाला, की घाटात स्टिअरिंग हलकं लागतं. ते मला बरं वाटत न्हाई."

मला आनंदच झाला. आता माझ्याकडे आण्णांना सांगण्यासारखं काहीतरी होतं, आणि तेही त्यांच्याच भाषेतलं. स्लॅब ओतायचा असतो तेव्हा खालच्या फळ्या अगदी सरळ ठेवत नाहीत. मधे सूतभर उचल देतात, कारण वर ओला माल पडला की ते बसतं आणि मग सरळ होतं. हे मला आण्णांनीच शिकवलेलं होतं, मी आठवीत असताना. जेवताना मी तो दाखला दिला. आण्णा त्या दिवसांत जेवायला पाटावर न बसता खुर्चीवर बसायचे. पाठीला गार फरशी बाधते म्हणायचे. त्यांनी घास गिळला आणि म्हणाले, ठाऊक हाय मला.

ठाऊक आहे तर मग अडलं कुठं, मी विचारलं. त्यावर ते पाणी प्याले.

दुसऱ्या दिवशी मी सिमेंटची पंचवीस पोती भरून गाडी मुद्दाम दारात आणली. पाणसळ मीच घेऊन आले, मीच ठेवली. बुडबुडा मधोमध. आण्णांना हाक मारून दाखवला. त्यांनी दोन्ही डोळ्यांनी बघितला आणि म्हणाले, "पाठीवर ओझं टाकल्यावर कुणीबी सरळ हुतंय. रिकामी कशी उभी ऱ्हाती ते बघायचं असतंय." आणि आत निघून गेले.

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. म्हणजे मला तरी तसं वाटलं. प्रश्न गाडीचा नव्हताच. आण्णांना माझी लाज वाटत होती. नवरा सोडून आलेली पोरगी गावातून पिकअप हाकते, आणि बापाने तिच्या शेजारी बसून गावभर मिरवायचं, हे त्यांना नको होतं. तोंडावर बोलायचं जिवावर येत होतं म्हणून ते पाणसळ पुढे करत होते. मी त्या दिवशी हिवऱ्यापर्यंत रडत गेले. येताना मात्र राग आला होता आणि रागात मी ठरवून टाकलं. किट बसवायचं. त्यांना सबबच ठेवायची नाही. गाडी सरळ झाली आणि तरीही ते बसले नाहीत, तर निदान खरं काय ते सगळ्यांसमोर उघडं पडेल. घाटात हळू चालवीन, पण हा सोक्षमोक्ष लागलाच पाहिजे.

इलाही मिस्त्रींना फोन केला. त्यांनी पुन्हा एकदा घाटाची आठवण करून दिली. मग म्हणाले की गुरुवारी सामान घेऊन ते स्वतः घरी येतील, पण बसवायच्या आधी गाडी उचलल्यावर कशी दिसते ते दाखवतील. घरच्यांनी बघावं आणि मग हो म्हणावं. लोकांनी हौसेने बसवून घ्यायचं आणि महिन्याने काढायला यायचं, असं त्यांच्याकडे बरेचदा झालं होतं.

गुरुवारी सकाळी ते मोटारसायकलवर आले. मागे पिशवीत चकत्या आणि पान्हे, आणि दोरीने बांधलेल्या दोन जाड फळ्या. फळ्या त्यांनी पुढच्या चाकांसमोर ठेवल्या आणि मला गाडी वर चढवायला सांगितलं. चढवली. खाली उतरून बघितलं तर खरोखरच गाडी सरळ उभी होती. रुबाबदार दिसत होती, हे मला रागातसुद्धा कबूल करावं लागलं. आई जोत्यावर उभी राहून बघत होती. शेजारच्या हौसाकाकू हातातलं सूप तसंच घेऊन आल्या होत्या. आण्णांनी पाणसळ ठेवली. बुडबुडा मधे आला, किंचित थरथरला आणि थांबला.

"झाली सरळ," मी म्हणाले. "बसा आता."

आण्णांनी पाणसळ हौद्यावरच ठेवली. दाराशी गेले. दार उघडलं. उजवा हात आतल्या मुठीला घातला, डावा दारावर ठेवला. आणि मग त्यांनी पाय उचलला.

मी अगदी मागेच उभी होते म्हणून मला दिसलं. पाय वीतभर वर गेला आणि तिथेच अडला. धोतराच्या काठाखाली गुडघा दिसत होता, नारळासारखा सुजलेला. त्यांनी ओठ आवळले आणि पुन्हा जोर केला. पाय आणखी बोटभर गेला. गाडीची पायरी त्याच्याही बरीच वर होती, आणि आम्ही ती आत्ताच फळ्या घालून आणखी दोन इंच वर नेली होती. पाय हळूच खाली आला.

आण्णांनी दाराकडे बघत बघत मान वाकडी केली. "ह्यो आरसा," ते म्हणाले, "जरा बाहेर आलाय का?"

पहिल्या दिवशीही ते असेच दारापर्यंत आले होते. मुठीवर हात ठेवला होता. हौद्यात निम्मी आळी बसलेली, सगळ्यांचं लक्ष त्यांच्याकडे. आणि हा चाळीस वर्षं परातीएवढ्या फळीवर उभा राहून दुमजली भिंती चढवलेला माणूस एवढीशी पायरी चढू शकत नव्हता. खुर्चीवर जेवण काय, एसटीत फार गर्दी असते म्हणून विट्याला जाणं सोडून देणं काय, सगळं माझ्या डोळ्यांसमोर होतं आणि मी बघत होते पाणसळीकडे.

इलाही मिस्त्री हुशार माणूस. त्यांनी एकदा आण्णांच्या गुडघ्याकडे बघितलं, एकदा माझ्याकडे, आणि एकदम आठवल्यासारखे आईकडे गेले. चहा मिळेल का म्हणाले आणि हौसाकाकूंना यंदाच्या ज्वारीचं विचारायला लागले. तिघंही आत गेले. मी फळी बघायच्या निमित्ताने पुढच्या चाकाशी वाकले. आण्णा दार धरून उभेच होते.

"कधीपासनं?" मी विचारलं.

"दिवाळीपासनं. त्याच्या आधीबी धरत हुता, पर चालत हुतं."

"सांगायचं की आण्णा."

"सगळं गाव उभं हुतं. तू किती दिवस वाट बघितल्यालीस, मला म्हाईत हुतं. आन मी तिथं लटकून ऱ्हाऊ व्हय?" त्यांनी गुडघा चोळला. "पुन्हा म्हटलं, आज सांगू, उद्या सांगू. तवर तुझ्या डोक्यात त्या पाणसळीनं घर केलं."

मी उभी राहिले. जे दोन महिने गिळलं होतं ते तोंडून निघून गेलं.

"मला वाटलं, मी चालवते म्हणून तुम्ही बसत नाही."

आण्णांनी माझ्याकडे असं बघितलं की जणू मी भिंतीला विटांच्या जागी बटाटे लावा म्हणाले होते.

"तू चालवतीस म्हणून काय?" ते म्हणाले. त्यांना खरोखर कळलं नव्हतं. मग हळूहळू कळलं, कारण त्यांचा चेहरा बदलत गेला. "खुळी का काय तू," एवढंच म्हणाले, आणि धोतराच्या सोग्याने नाक पुसलं.

मला रडू आलं नाही. मला हसू आलं, आणि ते आवरेना. मी गाडीचं तोंड वर करायला निघाले होते आणि तेवढ्यानेच हा माणूस जमिनीवर राहिला असता. आधी आण्णा रागाने बघत राहिले, मग त्यांच्याही मिशा हलल्या.

मी गाडीत चढले, फळ्यांवरून मागे घेतली आणि वळवून जोत्याला लावली. डावी बाजू जोत्याकडे. पहिल्यांदा हातभर अंतर राहिलं. आण्णा लगेच कामावर आले. "अजून घे. अजून. तसूभर पुढं. बस्स." मी आतून दार उघडलं. दार जोत्यावरून चार बोटं राखून सरकलं, आणि जोतं आणि गाडीचा तळ जवळजवळ एका पातळीत आले. आण्णा घराच्या नेहमीच्या पायऱ्यांनी, भिंतीला हात लावत, एकेक करत जोत्यावर चढले. तिथून त्यांनी एक पाय आडवा टाकला, मग दुसरा, आणि सीटवर बसले. न्हाणीतून माजघरात यावं तितक्या सहज.

चहाचा कप घेऊन बाहेर आलेले इलाही मिस्त्री म्हणाले, मग किट परत नेऊ ना? मी म्हणाले, न्या मिस्त्री, आणि फळ्याही न्या. त्यांनी बडीशेपेची डबी आण्णांपुढे खिडकीतून धरली आणि त्या गुडघ्याला मिरजेला कुणाकडे दाखवायचं ते हळू आवाजात सांगितलं. आई दारात आली, आण्णांना सीटवर बघितलं आणि आल्या पावली साखर आणायला परत गेली.

हिवऱ्याला पोचवायच्या फरशा अजून हौद्यात भरलेल्या नव्हत्या, त्या विट्यातून घ्यायच्या होत्या. मी गावाबाहेरच्या रस्त्याकडे गाडी वळवायला लागले. तोच रोजचा रस्ता, मोकळा असायचा आणि कुणाच्या नजराही नसायच्या.

"तिकडनं कशाला?" आण्णा म्हणाले. "गावातनं घे."

गावातून घेतली. गल्ली अरुंद, पुढे एक रेडकू आडवं, त्याला हाकलता हाकलता सगळी दारं उघडली. आण्णा समोर बघत ताठ बसले होते, पण त्यांनी काच खाली केली आणि कोपर बाहेर टाकलं. दूध डेअरीसमोरच्या कट्ट्यावर त्यांच्या वयाची सहा-सात माणसं रोजच्यासारखी बसलेली होती.

"थांबव जरा," आण्णा म्हणाले.

मी थांबवली. मला काळजी वाटली, इथे जोतं कुठून आणायचं. "उतरायचंय?" मी विचारलं.

"उतरतोय कशाला? बघू दे की त्यास्नी."

कट्ट्यावरची माणसं उठून खिडकीपाशी आली. कुणी गाडीच्या दारावर थाप मारली, कुणी माझ्याकडे वाकून बघितलं. आण्णा त्यांना सांगत होते की पोरगी किती टनाचा माल एकटी पोचवते, कुठल्या कुठल्या गावांना, आणि रिव्हर्समध्ये जोत्याला गाडी कशी तसूत लावते. मी स्टिअरिंगकडे बघत होते, कारण वर बघितलं असतं तर माझं काही खरं नव्हतं. पाच मिनिटं झाली, दहा झाली. विट्याचा दुकानदार वाट बघत असेल, असं मी म्हणाले.

"गाडी बंद कर," आण्णा म्हणाले. "कट्ट्यावर यशवंता अजून यायचाय."